चित्रामागचे नाव

आमच्या फरीदाबादच्या घरात सत्तावीस वर्षे मालवणचा समुद्र होता. बाहेरच्या खोलीत, कूलरच्या समोरच्या भिंतीवर. दोन फूट रुंद, दीड फूट उंच, काळपट सागवानी चौकटीत. मागे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाची लांबलचक रेघ, अलीकडे फेसाळ पाणी, किनाऱ्यावर रापण ओढणारे दहा-बारा जण आणि उजव्या हाताला, डोक्यावर टोपली घेतलेली परकरातली एक लहान मुलगी.

ज्यांनी कोकण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे भले मोठे जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोके धरून गावची माणसे ते ओढत आणतात. मग वाळूवर मासळीचे वाटे पडतात.

मे महिन्यात बाहेर लू वाहत असली, अंगणातली तुळस भाजून निघत असली, की आमच्याकडे आलेला माणूस त्या चित्रापुढे हमखास थबकायचा. शेजारच्या आजी फाळणीत बन्नूहून इथे आलेल्या. त्यांच्यासारख्या निर्वासितांसाठीच तर आमचे हे गाव नव्याने वसवले गेले. आजींनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्या सोफ्यावर टेकून म्हणायच्या, "इसको देखकर ठंडक पड़ती है, बेटी."

हे चित्र आमच्याकडे आले ते १९९८ साली. मामंजी गेले, मालवणचे घर विकायचे ठरले आणि तिन्ही भावंडांनी सामान वाटून घेतले. थोरल्या भावजींनी पलंग आणि कपाट नेले, वन्संनी तांब्या-पितळेची भांडी नेली आणि आमच्या वाट्याला चित्र आले. 'आले' म्हणण्यापेक्षा 'उरले' म्हणणे जास्त खरे. त्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली होती. चित्र दोन चादरींत गुंडाळून आम्ही कुडाळला गाडीत बसलो. रात्रभर ते बर्थवर झोपले आणि हे खाली वर्तमानपत्र पसरून बसून राहिले.

ते कोणी काढले, हा प्रश्न कधी कोणाला पडलाच नाही. ते 'बाबांचे चित्र' होते. एवढे पुरेसे होते.

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीजच्या लिलावात हुसेन यांचे 'ग्रामयात्रा' हे १९५४ सालचे चित्र सुमारे एकशे अठरा कोटी रुपयांना गेले. हे चित्र कित्येक वर्षे नॉर्वेत ओस्लोच्या एका रुग्णालयात टांगलेले होते, हेही बातमीत होते. झाले! भावजींच्या मुलाने ती बातमी घरच्या व्हॉट्सअॅपवर टाकली आणि खाली लिहिले, 'काका, तुमच्या भिंतीवर काय आहे बघा जरा!' सगळे हसले. मीही हसले.

पण त्याच महिन्याच्या शेवटी, पाडव्याला, दिल्लीत राहणारे एक मराठी गृहस्थ आमच्याकडे जेवायला आले. चित्रकलेचे जाणकार म्हणून त्यांची ओळख. श्रीखंडाची वाटी हातात घेऊनच ते चित्राजवळ गेले. डाव्या कोपऱ्यात मळक्या वॉर्निशखाली इंग्रजी अक्षरांत पुसट सही होती. पहिले 'एच', मधली अक्षरे धुरकट, शेवटी 'के ए आर'. ते एकदम म्हणाले, "अहो, हे हळदणकर तर नव्हेत? तो पाण्यावरचा उजेड बघा!"

सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे नाव मी तेव्हा जेमतेम ऐकले होते. मग वाचून काढले. जन्म १८८२, सावंतवाडीचा. म्हणजे मालवणपासून हाकेच्या अंतरावरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, १९०८ मध्ये स्वतःचा चित्रकलेचा वर्ग काढला, जलरंगात त्यांचा हात धरणारा नव्हता, १९६८ मध्ये वारले. तुम्ही म्हैसूरला जगनमोहन राजवाडा पाहिला असेल तर हातात दिवा घेतलेल्या, बोटांतून लाल उजेड झिरपणाऱ्या त्या स्त्रीचे चित्र नक्की पाहिले असेल. ते हळदणकरांचे. त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. त्या गीताबाई २०१८ मध्ये, एकशे दोन वर्षांच्या होऊन गेल्या. गंमत अशी की असंख्य लोक आजही ते चित्र राजा रविवर्म्याचे म्हणून सांगतात. रविवर्मा १९०६ मध्येच वारला आणि हे चित्र १९४० नंतरचे! राजवाड्यात टांगलेल्या, एवढ्या गाजलेल्या चित्राची ही गत, तर आमच्या कूलरसमोरच्या चित्राचे काय घेऊन बसलात?

पण हा शहाणपणा मला नंतर सुचला. त्या रात्री मात्र मी आणि हे बराच वेळ जागे होतो. ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन दोन वर्षे लांबणीवर पडले होते. ट्रॅक्टरच्या कारखान्यात आयुष्य उभ्याने गेले, त्याची ती देणगी. चित्र विकले तर गुडघे होतील, वर छताचे काम होईल, असा हिशेब मी अंधारात पडल्या पडल्या केला. खोटे कशाला बोलू?

सकाळपर्यंत जाणकारांचे ते 'हळदणकर तर नव्हेत?' आमच्या कुटुंबात 'हळदणकरच आहे' होऊन पोचले. दोन दिवसांत थोरल्या भावजींचा फोन आला. "बाबांचं चित्र म्हणजे तिघांचं, एवढं लक्षात असू दे." त्यानंतर रत्नागिरीहून वन्संचा. त्या एकट्या राहतात, यजमानांच्या पेन्शनवर. म्हणाल्या, "भिंतीवर होतं तोवर मी कधी काही बोलले का? पण विकायचं असेल तर माझा वाटा आहे ना रे, बाळ?" ह्यांचा पारा चढला. "तेव्हा कुणाला हवं होतं ते? पितळ मोजून घेतलंत ना तुम्ही?" फोन कोणी आधी ठेवला, कळले नाही.

नंतर चार महिने कोणाचा फोन नाही. नारळी पौर्णिमेला वन्संची राखी दर वर्षी पोस्टाने येते, त्या वर्षी आली नाही. "हल्ली पोस्टाचं काही खरं नाही," असे हे म्हणाले. पण पुढचे आठ दिवस रोज दुपारी गेटवरची पेटी उघडून पाहत होते.

त्याआधी मे महिन्यात आम्ही दिल्लीत एका विक्रेत्याकडे चित्राचे फोटो नेले होते. त्यांनी भिंग लावून पाहिले, घड्याळ पाहिले, मग म्हणाले, "शंभर वर्षांचं आहे. पण सही पुसट. आहे तसं द्याल तर चाळीस हजार देतो. नाहीतर आमचा माणूस आहे, सही जरा उजळून घेऊ. मग आठ-दहा लाख कुठे गेले नाहीत."

मेट्रोतून परत येताना हे गप्प होते. बदरपूर गेल्यावर म्हणाले, "उजळून घ्यायला काय हरकत आहे? आहे तेच उजळायचं ना?" मी उत्तर दिले नाही. 'आहे ते' म्हणजे नेमके काय, हेच तर ठाऊक नव्हते. 'एच'ने सुरू होणारे आणि 'कर'ने संपणारे आडनाव! कोकणात 'कर' नसलेले आडनाव शोधावे लागते. हडकर, हिर्लेकर, हर्डीकर... एकट्या मालवणात किती निघतील!

एका मैत्रिणीच्या ओळखीने मग चित्तरंजन पार्कमधल्या एका बंगाली बाईंचा पत्ता मिळाला. जुन्या चित्रांची दुरुस्ती आणि निगा राखण्यात त्यांची सारी नोकरी गेलेली. आता निवृत्त. त्यांनी फोनवरच बजावले, "घरी पुसू नका. ओलं फडकं नको, बटाट्याची फोड नको, तेल नको. आहे तसं घेऊन या. आणि तज्ज्ञ दाखवण्याआधी मला पाठ दाखवायची."

सप्टेंबरच्या एका सकाळी आम्ही टॅक्सीने चित्र नेले. जेवणाच्या टेबलावर जुनी गादी अंथरून त्यांनी ते ठेवले, पडदे ओढले आणि विजेरी चित्राच्या अगदी कडेला आडवी धरली. आडव्या उजेडात चित्र निराळेच दिसू लागले. रंगाचे उंचवटे, भेगा, पोपडे. त्या म्हणाल्या, "हे कुठे टांगलं होतं?" मी म्हटले, "कूलरसमोर." त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला शाळेत उभे केल्यासारखे झाले. मालवणच्या दमट हवेतून आलेली पाटी आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसते, कूलरच्या ओलाव्याने पुन्हा फुगते. ती अशी हलत राहिली की वरचा रंग सुटू लागतो. सत्तावीस उन्हाळे आम्ही त्या समुद्राला हे करत होतो.

मग त्यांनी कापसाची काडी कसल्याशा द्रावणात बुडवून सहीच्या जवळचा बोटभर भाग हलक्या हाताने टिपला. कापूस चहासारखा तपकिरी झाला. आणि डाव्या कोपऱ्यात, जिथे आम्ही इतकी वर्षे नुसती सावली समजत होतो तिथे, एक मोठा खडक वर आला. हे खुर्चीतून गुडघे विसरून उठले. "हा मोरयाचा धोंडा! हे दांडीच्या किनाऱ्यावरून काढलंय!" सिंधुदुर्ग बांधण्यापूर्वी, १६६४ मध्ये, शिवाजी महाराजांनी जिथे पूजा केली असे सांगतात, तो हा खडक. ह्यांचे बालपण त्याच्याच आसपास गेलेले.

बाई हसल्या. मग त्यांनी हॉलंडमधल्या एका समुद्रचित्राची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकातले, शेव्हेनिंगेनच्या किनाऱ्याचे. लोक थंडीत वाळूवर उभे राहून कशाकडे बघताहेत, हे कोणाला कळत नसे. २०१४ मध्ये केंब्रिजच्या संग्रहालयाने ते साफ करायला घेतले, तेव्हा रंगाखालून किनाऱ्याला लागलेला एक अख्खा देवमासा निघाला! कोणीतरी कधीतरी तो रंगवून झाकून टाकला होता. "तुमचा फक्त दगड निघाला," त्या म्हणाल्या, "पण दगडाचा पत्ता तरी पक्का आहे."

सहीबद्दल त्यांनी मला भिंगातून एक गोष्ट दाखवली, ती मी विसरणार नाही. जुन्या चित्रात रंगाला बारीक भेगा पडतात. सही मूळची असेल तर भेग सहीलाही चिरत जाते. सही नंतर कोणी केली असेल तर नवा रंग भेगेत उतरून बसतो. आमची सही चिरलेली होती, म्हणजे खरी होती. आणि विक्रेत्याच्या माणसाने ती 'उजळली' असती तर कोणाही अनुभवी माणसाला ते पहिल्या भिंगात दिसले असते. ह्यांनी हे ऐकले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

"आता पाठ," बाई म्हणाल्या. चौकटीमागचे गंजके खिळे त्यांनी एकेक करून काढले आणि बशीत ठेवले. मागचे प्लायवुड निघाले. त्याच्या आत जुन्या मराठी वर्तमानपत्राचे पिवळे कागद दुमडून भरलेले होते. तारखेचा भाग वाळवीने खाल्लेला. पण एका साबणाच्या जाहिरातीत किंमत होती 'न. पै.' मध्ये. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि १९६४ मध्ये त्यांच्या नावातला 'नवे' हा शब्द गेला. म्हणजे चौकट त्या सात वर्षांतली. मग बाईंनी पाटीवर टिचकी मारली. "आणि हा हार्डबोर्ड आहे. ही वस्तूच अमेरिकेत १९२४ मध्ये निघाली. शंभर वर्षांचं म्हणणारा माणूस गणितात कच्चा आहे."

कागद उचलले. हार्डबोर्डाच्या खरखरीत पाठीवर, त्याच समुद्राच्या निळ्या रंगात, ब्रशने लिहिलेल्या चार ओळी होत्या. बाईंनी हिंदी वाचायच्या सवयीने त्या अडखळत वाचल्या. "चि. ताईस आठव्या वाढदिवसानिमित्त. दांडी, मालवण. २२-११-५९." आणि खाली देवनागरीत पूर्ण नाव. आडनाव 'ह'चे होते, शेवटी 'कर'ही होते. पण हळदणकर नव्हते.

"चि. माने?" बाईंनी विचारले.

"चिरंजीव," मी म्हटले. हे काहीच बोलले नाहीत. 'ताई' म्हणजे वन्सं. बावीस नोव्हेंबर हा त्यांचा वाढदिवस. १९५९ मध्ये हे चार वर्षांचे होते.

किमतीचे मी विचारलेच, कारण तुम्हीही विचाराल. बाईंनी स्पष्ट सांगितले, चित्र चांगले आहे, हात शिकलेला आहे, पण बाजार नावाला पैसे देतो. या नावाला बाजार नाही. कोणाला आवडले तर दहा-पंधरा हजार, आणि तेवढाच खर्च ते नीट करायला येईल. एका लिलाव संस्थेला आम्ही पुढून, मागून आणि सहीचे असे फोटो मापांसह पाठवले होते, त्यांचेही नम्र नकाराचे उत्तर पुढच्या आठवड्यात आले. तोवर मला त्याचे काही वाटेनासे झाले होते. खरे सांगायचे तर थोडे वाटले. गुडघे होतेच ना!

त्या रात्री घरी हे म्हणाले, "पाठीमागचं कुणाला सांगायची गरज आहे का? किंमत नाही एवढं कळवू. विषय संपला." मला त्यांचा राग आला नाही. सहा महिने 'आमचे' म्हणून भांडलेली वस्तू 'आमची' कधी नव्हतीच, हे आपल्या तोंडाने सांगायचे सोपे नसते. पण दुसऱ्या दिवशी दुपारी हे बँकेत गेल्यावर मीच रत्नागिरीला फोन लावला.

"वन्सं, तुमचा आठवा वाढदिवस आठवतो?"

"आता हे काय मध्येच?" आवाज कोरडा होता. मी त्या चार ओळी वाचून दाखवल्या. पलीकडे इतका वेळ शांतता, की फोन तुटला असे मला वाटले.

मग त्या बोलू लागल्या. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. संध्याकाळी पोस्ट बंद झाले की बाबांशी बुद्धिबळ खेळायला यायचे. तरुणपणी मुंबईला हळदणकरांच्या वर्गात दोन वर्षे होते, पण घरची ओढाताण, परत यावे लागले. "खेळता खेळता सारखं सांगायचे, उजेड पाण्यावर नसतो, पाण्यात असतो, असं आमचे हळदणकर म्हणायचे." पाडव्याच्या आमच्या पाहुण्यांची नजर अगदीच चुकली नव्हती म्हणायची!

"मग तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?" मी विचारले.

"सांगितलं होतं. दादाला पाडव्यालाच म्हटलं, अरे, ते चित्र मास्तरांनी दिलेलं. तो म्हणाला, तुला काय कळतं, तज्ज्ञ माणूस सांगतोय. दिलेलं म्हणजे काढलेलं की आणलेलं, ते कुणी विचारलंच नाही. मलाही वाटलं, असेल बाई हळदणकरांचं, मास्तरांना त्यांनी दिलं असेल." थोडे थांबून म्हणाल्या, "आणि माझ्यासाठी होतं, हे मला कुठे ठाऊक? बाबांनी चौकट करून ओसरीवर लावलं. त्या वाढदिवसाला मला काहीच मिळालं नाही म्हणून मी रडले होते."

मास्तरांचे नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्या घरची मंडळी कुठे आहेत ते अजून शोधतो आहोत, त्यांना विचारल्याशिवाय छापणे बरे दिसत नाही.

भाऊबीजेला आम्ही रत्नागिरीला गेलो. चित्र बाईंनी तोवर साफ करून दिले होते, सुटलेला रंग बसवला होता. पाठीवर आता काच होती, लिहिलेले दिसावे म्हणून. थोरले भावजीही आले होते, जरासे अवघडून. औक्षण झाल्यावर ह्यांनी चित्र वन्संच्या पुढे ठेवले. त्यांनी चष्मा पुसला, टोपलीवाल्या मुलीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "ही मी नव्हेच. मला रापणीकडे जाऊ द्यायचे नाहीत. मुलींनी तिथे काय करायचं म्हणून आजी ओरडायची. मी मास्तरांकडे रोज भुणभुण लावायची, मला न्या म्हणून." बोट तसेच काचेवर राहिले. "मग त्यांनी मला अशी नेली वाटतं."

ह्यांनी रुमाल काढला. वन्संनी मात्र डोळे पुसले आणि तबक पुन्हा पुढे सरकवले. "हे माझंच होतं, ही ओवाळणी नव्हे. ओवाळणी वेगळी काढ, बाळ."

आमच्या भिंतीवर आता फिकट चौकोन उरला आहे. खिळा ह्यांनी काढू दिला नाही. त्यावर सध्या बँकेचे कॅलेंडर आहे, आणि त्यात ह्यांच्या उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मी लाल पेनने गोल केली आहे. पैसे थोडे आमचे, थोडे मुलाचे. वन्सं त्या महिन्यात इथे यायच्या आहेत, स्वयंपाक सांभाळायला.